पापडांखालचा बॅनर

गच्चीवर साबुदाण्याचे पापड घालायला प्लास्टिक हवं होतं, म्हणून मी माळ्यावरचा जुना बॅनर काढला. संध्याकाळी वाळलेले पापड उचलत गेले, तशी खालची अक्षरं दिसू लागली. 'पुढचं श्रोता संमेलन आमच्या गावी.'

रेडिओवेड्यांचं ते संमेलन दरवर्षी नव्या गावात भरायचं. ज्या गावाला ते हवं असेल, त्यानं आपला खाऊ सगळ्यांना वाटायचा, अशी रीत होती. आमच्या घरून पोतंभर भडंग जायचं. बाकीचे आत गाणी ऐकत, आणि आमचे हे दारात पुडे वाटत उभे. उत्सवात राबणाऱ्याला दर्शन सगळ्यात शेवटी मिळतं, तसंच ते.

घरीही तेच. दुपारी फर्माइशी लागल्या की माझा मिक्सर बंद करायला लावणारा हा माणूस, पण त्या दिवसांत संमेलन मिळवायला गावोगावच्या श्रोत्यांना फोन लावून बसे आणि मला म्हणे, "अगं, तो रेडिओ जरा बारीक कर." शेवटी मी रेडिओ स्वयंपाकघरात नेला.

संमेलन दुसऱ्याच गावाला मिळालं. हळूहळू फोनही थांबले.

आज हे कावळे हाकायला शेजारी बसले होते, मांडीवर रेडिओ घेऊन. एक जुनं गाणं लागलं. डोळे मिटून म्हणाले, "किती वर्षांनी लागलं गं हे."

मी पापड सोडवत राहिले. ते गाणं मधल्या काळात कितीदा तरी लागलं होतं. पोळ्या लाटता लाटता मी एकटीनं ऐकलं होतं.