लघुग्रहाची चुकलेली तारीख

आमचे हे धुळ्याच्या शाळेत गणित शिकवत. काचबिंदूनं नजर दिवसेंदिवस कमी होत चालली होती; डॉक्टरांनी फार तर वर्षभराचं सांगितलं होतं. अशा वेळी माणूस देव देव करतो. यांनी एक लघुग्रह धरला. मंगळ आणि गुरू यांच्यामधून सूर्याभोवती फिरणारा खडक, दुर्बिणीतूनही नुसता ठिपका. त्याची कक्षा आपण स्वतः काढायची आणि डोळे जाण्याआधी तो आपल्या गणिताच्या जागी उगवलेला बघायचा, एवढंच त्यांना हवं होतं. मला आधी हसू आलं, मग रागही.

कक्षा काढायला वेगवेगळ्या तारखांना घेतलेले तीन वेध लागतात. हे दुर्बिणीला डोळा लावून जागा आणि वेळ सांगत, मी कंदिलाशी बसून लिहून घेई. तारखेचा रकाना माझा. पहिला वेध पहाटे चारचा, बाकीचे दोन संध्याकाळचे. पुढे लघुग्रह सूर्याच्या उजेडात गडप झाला, तेवढ्या महिन्यांत यांनी लॉगची कोष्टकं घेऊन कक्षा मांडली.

तो पुन्हा दिसायचे दिवस आले, तर गणिताच्या जागी काहीच नव्हतं. तीन आठवडे रोज शोधला. नंतर नजरच राहिली नाही. "माझं गणितच कच्चं," म्हणत हे खाटेवर पडून राहत. वीस वर्षं पोरांच्या चुका काढणारा माणूस. मला ते बघवत नसे.

दोन वर्षांनी शेजारी पहाटे बाळ झालं. जन्म नोंदवायला बाळाच्या आजीबरोबर मी गेले. कारकुनानं मंगळवार लिहिला, तशी साक्रीकडची ती म्हातारी उखडली, "दिन कोठे उगना व्हता? सोमवारच शे!"

"पंचांगात असेल, आजी," कारकून म्हणाला. "तारीख रात्री बारालाच बदलते."

मीही तेच केलं होतं. सूर्य उगवेपर्यंत कालचाच वार, म्हणून पहिल्या वेधाला तारीखही कालचीच टाकली होती. त्या एका दिवसानं सगळी कक्षा बिघडली.

घरी येऊन रडत सांगितलं. वाटलं, आता ओरडतील. "मीही कालचीच लिहिली असती," एवढंच म्हणाले. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"तारीख सुधारून पुन्हा मांडू. कोष्टकं मी वाचून दाखवते," मी म्हणाले.

"मांडू गं," हे म्हणाले. "पण बघणार कोण?"