डॅनियलकाकांचे दहा जण

डॅनियलकाकांच्या फोनला 'हॅलो' नसायचं. थेट आकडा. "आठ झालेत. तुझ्या गाडीत दोन आण." काका अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी ज्यू. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवर, एका साड्यांच्या दुकानाच्या वर राहायचे. त्यांच्या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागत. मी ज्यू नव्हतो, त्यामुळे कितीही उत्साहानं हात वर केला तरी माझी किंमत ड्रायव्हरएवढीच. "तू अकरावा," ते समजूत घालत, "पोहे संपवायला."

ब्याऐंशी साली त्यांची मुलगी रूथ अपघातानंतर पुन्हा चालू लागली. काकांनी एलियाहू प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलला होता : गूळ-खोबऱ्यात कालवलेले पोहे, वर फळं आणि भोवती दहा जण. दुसऱ्या दिवशी रूथ कॉलेजला परत जाणार, म्हणून रविवारची दुपार ठरली. नववे आणि दहावे, म्हणजे शेजारच्या सिनेगॉगमधले वाइस आणि फेल्डमन हे दोन म्हातारे, मी गाडीतून आणले. लेबनॉनमध्ये इस्रायलचं युद्ध पेटलेलं. दोघांची जिना चढतानाच जुंपली.

"इस्रायल नको म्हणणारा ज्यूंचा द्वेष्टाच," वाइस म्हणाले. "जगात एवढे देश, नकोसा होतो तो आमचाच?"

"माझे वडील पोलंडमध्ये जन्मभर ज्यू देशाच्या कल्पनेच्या विरोधात होते," फेल्डमन म्हणाले. " रोज प्रार्थना करायचे. ते द्वेष्टे? आणि ज्या पॅलेस्टिनीचं घर गेलं, तो रडला तर तोही?"

वाइसनी कोट उचलला. "मी या माणसाशेजारी बसणार नाही."

म्हणजे नऊच! कुबडीवर रेललेली रूथ बाबांकडे बघू लागली. काकांच्या हातातला नारळ तसाच राहिला.

आणि माझ्यात मध्यस्थ संचारला. फेल्डमनची बाजू घेत मी म्हणालो, "बरोबर आहे तुमचं! बँका, वर्तमानपत्रं, सगळं तुम्हा ज्यूंच्याच हातात. मग इथलं सरकार तुमचंच ऐकणार ना!"

फेल्डमन टोमॅटोसारखे लाल. "मी एका देशाबद्दल बोलत होतो. तू माझ्याबद्दल बोललास!"

"बघ! विरोधाच्या आडून हेच येतं," वाइस कडाडले.

"नेहमी नाही येत!"

"आज आलं ना?"

"आज आलं," फेल्डमननी मान्य केलं. मला झापण्याच्या भरात दोघं एकाच सोफ्यावर बसले. काकांनी श्वासही न घेता प्रार्थना सुरू केली.

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात काका म्हणाले, "अरे, मी पूर्वी इस्रायलला राहायला गेलो होतो, तर तिथले धर्मपंडित विचारतात, तुम्ही खरे ज्यू कशावरून? आणि इथं तू मला बँक देऊन मोकळा! त्या सरकारवर मीही चिडतो. बहीण तिथं आहे म्हणून जीवही टांगणीला असतो. सरकारला बोल, धोरणाला बोल, कडकडून भांड. माणसाच्या जन्मावर घसरू नकोस, बाळा."

"चुकलं, काका."

"मला काय सांगतोस? ते अजून खालीच असतील."

मी मोज्यांवरच धावलो. शेजारच्या मिठाईच्या दुकानासमोर दोघं अजून वाद घालतच होते. मी माफी मागितली. फेल्डमननी मला नीट घाम फुटू दिला, मग म्हणाले, "ठीक आहे. आता सांग, आमच्यात बरोबर कोण?"

मी तोंड उघडलं. वरची खिडकी धाडकन उघडली.

"बोलू नकोस!" काका मराठीत ओरडले. "नुसता ऐक! रूथ, याचे बूट टाक गं खाली, वेळ लागेल याला!"