पट्टीबाईंचं सोपं गाणं

पट्टीबाईंना स्वतःला गाता येत नव्हतं आणि त्याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. त्यांचं काम वेगळंच होतं: ज्यांना गाता येत नाही त्यांना गाणं निवडून द्यायचं. कराओकेचा हॉल तिसऱ्या मजल्यावर, खाली चष्म्याचं दुकान आणि लिफ्ट कायम बंद. जिना चढतानाच माणसाची अर्धी हवा जायची आणि वर हातात माइक आला की उरलेली. असल्या माणसांना त्या अकरा वर्षं सांभाळत होत्या.

पद्धत अगदी साधी. समोरच्याला खुर्चीत बसवायचं आणि म्हणायचं, "घरचा पत्ता सांगा." गा म्हटलं की माणूस आक्रसतो, पण पत्ता सांगताना कोण कशाला घाबरेल? तो पिनकोडपर्यंत पोचला की बाईंना कळायचं, याचा आवाज कुठे बसतो आणि कुठे फाटेल. मग यंत्रावरचं बटण दोनदा-तीनदा दाबून गाण्याची पट्टी खाली आणायची. त्यावरूनच हे नाव पडलं. त्यांचे कायदेही ठरलेले होते. संथ गाणं द्यायचं नाही, त्यात लपायला जागा नसते. फार लाडकं गाणं तर मुळीच नाही, लोक लगेच मूळ गाण्याशी तुलना करतात. ओळी आखूड हव्यात, मध्ये श्वास घ्यायला सवड हवी आणि धृपद असं हवं की खुर्च्यांवरची मंडळी आपोआप ओरडायला लागतील. "चारजण ओरडले की तुमचं काय चुकलं ते कुणाच्या बापाला कळत नाही," असं त्या सांगायच्या, आणि घाबरलेला माणूस हसायचा. हसला की निम्मं काम झालं.

दर तीन महिन्यांनी शनिवारी दुपारी नळाच्या तोट्या बनवणारी एक कंपनी यायची. सोबत एचआरचे साहेब. काय तो गोड माणूस! प्रत्येकाच्या पोराबाळांची चौकशी करायचा, आल्या आल्या दारात टोपली धरायचा. "फोन इथे ठेवा मंडळी, म्हणजे कुणी कुणाचा व्हिडिओ काढणार नाही. लाजायचं काम नाही." मग बाईंच्या हातात नावांची यादी द्यायचा. त्यातल्या दोन-तीन नावांभोवती लाल गोल असे. "यांना एकदम सोपं द्या हं, बाई. आज त्यांना खूश होऊ दे."

बाईंना आधी कौतुकच वाटलं. लाल गोलवाल्यांसाठी त्या जीव ओतून गाणं शोधायच्या. तो जाड्या स्टोअरकीपर तर गाणं संपल्यावर लहान पोरासारखा रडला होता. पाठीवर थापा पडत होत्या, टाळ्या चालू होत्या, आणि त्या भरातच साहेब त्याला खांद्याला धरून मागच्या छोट्या खोलीत घेऊन गेले. पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, "ते रडणारे काका दिसत नाहीत?" कुणीतरी म्हणालं, "सोडली त्यांनी नोकरी." रिसेप्शनवरच्या बाईंनीही सोडली होती म्हणे. त्याही लाल गोलातल्याच. पट्टीबाईंच्या मनात काहीतरी खुपलं ते खुपलंच. मग एकदा ती छोटी खोली आवरताना टेबलाखाली एक चुरगळलेला कागद सापडला. वर छापलं होतं, 'मी स्वखुशीने राजीनामा देत आहे', आणि खाली अर्धवट सही, बहुधा पेन अडलं असावं.

त्यांचा नवरा कोर्टात कारकून. त्याने कागद वाचून चष्मा काढला. "स्वतःहून सोडली असं लिहून दिलं की कंपनी मोकळी. सही नाही केली तर काढायला कारण द्यावं लागतं, नोटीस द्यावी लागते. म्हणून आधी माणसाला खूश करायचं. तुझं गाणं म्हणजे इंजेक्शनच्या आधीचा कापूस आहे."

हे ऐकल्यावर बाईंनी दुसऱ्या दिवशी काम सोडायला हवं होतं की नाही? नाही सोडलं. मालकाला सांगायला हवं होतं, तेही नाही. पुढच्या शनिवारी लाल गोलातल्या दोघांना त्यांनी सोपं गाणंच दिलं. उलट जरा जास्तच चांगलं दिलं, आपलं मन खात होतं म्हणून. माणूस असाच असतो, काय करणार.

आणि याच कंपनीच्या गावाबाहेरच्या गोदामात त्यांचा सख्खा धाकटा भाऊ नऊ वर्षं पॅकिंगला होता. बारक्या. गोदामातल्या लोकांना आजवर कधी गाण्याला बोलावलं नव्हतं, म्हणून बाई निर्धास्त होत्या. गुरुवारी त्याचा फोन आला. "ताई, या शनिवारी आम्हालाही बोलावलंय. मला सोप्यातलं सोपं दे हं, नाहीतर जिन्यातूनच पळून जाईन." बारक्या लहानपणापासून पुटपुटल्यासारखा बोलायचा. वडील रात्रपाळीला असायचे, दिवसा झोपायचे, घरात मोठ्याने बोललं की आई डोळे वटारायची. बाईंची ती सवय पुढे मोडली, याची नाही मोडली. त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं की सही मागितली तर करू नकोस. पण घाबरट माणूस, उगाच दोन रात्री झोपायचा नाही. आणि इतक्या लोकांत त्याचंच नाव कशाला असेल, असं म्हणून त्या गप्प बसल्या.

यादीत सातवं नाव त्याचं होतं. भोवती लाल गोल.

 बाईंना पहिली गोष्ट आठवली ती फोनची, पण त्याचा फोन टोपलीत आणि टोपली साहेबांच्या खुर्चीखाली. बारक्या साहेबांना चिकटूनच बसला होता, साहेबांचा हात त्याच्या खांद्यावर. बहीण इथे आहे हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, वशिला वाटेल म्हणून. बाई धीर करून जवळ गेल्या. "यांना जरा बाहेर घेऊन जाते, आवाज तपासायचाय."

"इथेच तपासा की," साहेब हसून म्हणाले. "आमच्यापासून काय लपवायचं?"

मग बाईंनी आपल्या सख्ख्या भावाला विचारलं, "घरचा पत्ता सांगा." बारक्याला हसू आवरेना. दर दिवाळी-सुट्टीला ज्या घरी ती जेवायला येते त्या घराचा पत्ता तो तिलाच सांगत होता, हळू, खालच्या आवाजात, पिनकोडसकट. त्या त्याच्याकडे डोळे फाडून बघत होत्या. त्याला वाटलं, ताई मजा करतेय.

यंत्राशी परत येईपर्यंत बाईंनी ठरवलं होतं. बारक्याचा एक स्वभाव त्यांना पक्का ठाऊक होता: अपमान झाला की तो पळतो. शाळेतून पळाला होता, स्वतःच्या साखरपुड्याच्या फोटोतून पळाला होता. आज त्याची फजिती झाली तर तो खोलीत जाणारच नाही, सरळ घर गाठेल. संध्याकाळी त्याच्या पाया पडून माफी मागू, पण नोकरी वाचेल. शिकलेले गायकसुद्धा जिथे आपटतात ते गाणं त्यांनी काढलं. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा पट्टीचं बटण वर दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा.

सुरुवातीचं संगीत वाजताच बारक्याचा चेहरा उतरला. त्याने वळून बहिणीकडे असं पाहिलं की त्यांना वाटलं, हा मेल्यावरही आपल्याला माफ करणार नाही. पहिली ओळ थरथरत गेली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. "पळ रे," बाई मनातल्या मनात म्हणत होत्या. "पळ, पळ, पळ."

दुसरी ओळ वर चढली आणि बारक्या तिच्याबरोबर वर गेला. कुठेही न अडखळता. खाली पुटपुटणारा तो माणूस वर गेल्यावर असा मोकळा झाला की हसणाऱ्यांची तोंडं मिटली. त्याने डोळे मिटून घेतले. हा आवाज बाईंनी जन्मात ऐकला नव्हता. अख्ख्या जगाचे आवाज ओळखणाऱ्या बाईंना घरातला एक ओळखता आला नव्हता. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला आणि त्याच क्षणी कळलं, आता हा पळणार नाही. गाणं संपलं तेव्हा सगळा हॉल उभा होता. साहेब तर डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवत होते. मग त्यांनी बारक्याला मिठी मारली आणि टाळ्या थांबायच्या आत मागच्या दाराकडे नेलं.

बाई धावल्या. मध्ये आठव्या नावाची मुलगी आडवी आली, "बाई, माझं गाणं?" तिला त्यांनी अक्षरशः ढकललं. दाराला आतून कडी. त्यांनी दोन्ही हातांनी दार बडवलं.

"झालंच, झालंच," साहेबांनी दार उघडलं आणि हातातली फाइल बंद करत ते बाजूने निघून गेले.

बारक्या आत उभा होता, चेहरा लाल, डोळे भरलेले. "ताई! हे गाणं इतकी वर्षं कुठे ठेवलं होतंस गं?"

"सही केलीस?"

"केली ना. डोळ्यांत हे पाणी, वाचता कुठे येतंय? ते म्हणाले करा, केली. आज त्यांनी काहीही मागितलं असतं तरी दिलं असतं. का गं? काय होतं त्यात?"

पट्टीबाईंनी त्याला सांगितलं. हॉलमधून मंडळी "पुन्हा एकदा, पुन्हा एकदा" असं ओरडत होती, त्यामुळे त्याला नीट ऐकू गेलं नाही आणि त्यांना ते दोनदा सांगावं लागलं.