आ करा, पाव्हणं

मला बघायला मुलगा आला, तेव्हा पोह्यांच्या बशा अजून ट्रेमध्येच होत्या आणि आमचे फौजीमामा त्या मुलाला म्हणाले, "पाव्हणं, जरा आ करा."

मुलगा गोंधळला. त्याचे वडील त्याच्याहून गोंधळले. मामा उठून मुलासमोर उभे राहिले, आपली तीन बोटं एकमेकांना चिकटवून उभी धरून दाखवली आणि म्हणाले, "अशी तुमची बोटं तुमच्याच तोंडात घाला, वरच्या आन खालच्या दातांच्या मधी. लाजू नका, हितं सगळी घरचीच हायेत." बिचाऱ्यानं घातली. तिन्ही बोटं आरामात गेली. मामांनी माझ्या वडिलांकडं वळून सांगितलं, "दाजी, पोरगं चालतंय." पगार किती, शेती किती, नोकरी कायम आहे का, हे सगळं त्यानंतर निघालं. त्याच मुलाशी माझं लग्न झालं. आपलं लग्न कसं ठरलं असं कुणी विचारलं तर तो अजून सांगतो, "माझं मेडिकल झालं होतं."

मामांनी ही परीक्षा कुणाची घेतली नाही? एसटीच्या कंडक्टरची घेतली, तिसगावच्या बाजारातल्या कांदा व्यापाऱ्याची घेतली, एकदा तर घरी पूजेला आलेल्या गुरुजींची घेतली. लोक हसायचे. ज्यांची बोटं जायची नाहीत, ते मात्र हसायचं थांबायचे.

माझी शाळा आजोळी झाली, तिसगावजवळच्या वस्तीवर. वडील नागापूरच्या एका कारखान्यात कामाला होते आणि आमची खोली एकच होती, म्हणून आईनं मला मामीच्या हवाली केलं. मामा सैन्यात हवालदार. बरीच वर्षं देशभर फिरून शेवटी नगरला आले आणि तिथं ड्रिलचे उस्ताद झाले, म्हणजे नव्या रिक्रुटांना कवायत शिकवणारे. "आईबापानं पोराला नुसतं चालायला शिकवलेलं असतं," ते म्हणायचे, "सरळ चालायला आमी शिकवतो." रविवारी ते घरी आले की वस्तीला आवाजावरूनच कळायचं. रानातून बैल हाकारला तरी तो हुकूम वाटायचा. मामांना स्वतःच्या उंचीचं, छातीवरच्या पट्ट्यांचं फारसं कौतुक नव्हतं. त्या आवाजाचं मात्र होतं.

आणि त्या आवाजाच्या वाटेवरच, डाव्या गालात, कायम मावा असायचा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एकत्र चोळून केलेला नगरचा मावा कुणाला सांगायला नको. मामांना तो फौजेत गेल्यावर लागला. बर्फातल्या चौकीवर पहारा देताना डोळा लागू नये म्हणून एकानं चिमूट दिली, आणि पुढं चौकी सुटली तरी चिमूट सुटली नाही. त्यांच्या पलटणीत एक रिवाज होता. सुट्टीवरून परतणाऱ्यानं आपल्या मुलखाचं काहीतरी आणायचं. हिमाचलचा जवान सफरचंदं आणायचा, केरळचा केळ्याचे वेफर, आणि आमचे मामा मावा. मामी काळ्या ट्रंकेत कपड्यांच्या घड्या लावायची आणि मामा त्या घड्यांच्या मध्ये पुड्या. "दुसऱ्यांच्या वर्दीला घामाचा वास येतो," मामी म्हणायची, "ह्यांच्या वर्दीला टपरीचा येतो."

मी अकरावीला असताना मामांच्या तोंडात आग पडायला लागली. ठेच्याला नुसतं बोट लावलं तरी डोळ्यांतून पाणी. मामांनी विचार केला आणि सोडून दिली. मिरची सोडून दिली. नगर जिल्ह्यातला माणूस मिरची सोडतो म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसालाच कळेल. दर रविवारी आमची आमटी दवाखान्यातल्यासारखी व्हायची. मामी आणि मी चुलीपाशी पाठमोऱ्या बसून चोरून ठेचा खायचो. पुढं मामा भाकरीही दुधात कुस्करून खायला लागले, कारण घास मोठा घेता येईना. मामी काही बोलली की म्हणायचे, "वय झालं आता." तेव्हा ते चाळिशीचेही नव्हते.

हे प्रकरण घरात झाकलं गेलं, पण मैदानावर उघडं पडलं. उस्तादाला हुकूम देताना तोंड पुरतं उघडावं लागतं. मामांचे शब्द दातांमागंच अडकायला लागले. मागच्या रांगेतले रिक्रुट पुढच्यांचं बघून वळायला लागले. एक दिवस सुभेदार मेजर साहेब मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "उस्ताद, आवाज मैदान में लाओ. तंबू में काहे रख आए?" सगळ्या स्क्वॉडसमोर म्हणाले. मामांना ते फार लागलं.

साहेबांनीच त्यांना तपासायला पाठवलं. दातांच्या डॉक्टर एक तरुण कॅप्टन मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, "मुँह खोलिए."

"खोला है, मॅडम."

"पूरा खोलिए."

"पूरा ही खोला है."

मग मॅडमनी त्यांना स्वतःची तीन बोटं दातांमध्ये घालायला सांगितली. दोन गेली, तीही रेटून. तिसऱ्याला जागाच नव्हती. सुपारी-तंबाखूनं गाल आतून आखडलेत, मॅडमनी सांगितलं. जेवढं बंद झालंय तेवढं सगळं परत उघडणार नाही. आज सोडलं तर आहे ते वाचेल, व्यायामानं थोडं वाढेलही. नाही सोडलं तर आधी चमचा जायचा बंद होईल, आणि त्यापुढं काय होतं ते त्यांनी भिंतीवरच्या चित्रांवर दाखवलं. शिवाय मेडिकल कॅटेगरी खाली आली की ड्रिलचं मैदान सुटणार, स्टोअरमध्ये बसावं लागणार आणि नायब सुभेदारीचं नाव विसरायचं. मामा चित्रांपेक्षा मैदानाला जास्त घाबरले, हे त्यांनीच आम्हांला नंतर सांगितलं.

सोडायचं ठरवणं सोपं होतं. मामा ज्या बराकीत राहायचे तिथं प्रत्येक उशीखाली पुडी, आणि त्यातल्या निम्म्या मामांनीच आणलेल्या. तेव्हा त्यांनी एक गोष्ट केली. त्यांच्याबरोबर एक सरदारजी हवालदार होते, सगळे त्यांना पाजी म्हणत. शीख माणूस तंबाखूला शिवत नाही. पाजी मामांचे दोस्त, पण मामांच्या हातचं कधी काही खाल्लं नाही, कारण त्या तळहातावर दिवसभर मावा चोळला जायचा. मामांनी आपली खाट उचलली आणि पाजींच्या खोलीत नेऊन टाकली. त्या खोलीत पुडी न्यायची कुणाची छाती नव्हती, मामांची तर नाहीच. पाजींनी फक्त एवढं विचारलं, "कितने दिन?" मामा म्हणाले, "जब तक तू निकाले नहीं."

पहिले काही दिवस वाईट गेले. मामांचं डोकं दुखायचं, कुणी "राम राम उस्ताद" म्हटलं तरी राग यायचा. एकदा स्क्वॉडला "तेज चल" म्हणून हुकूम दिला आणि त्याच वेळी कुठल्या तरी बाजूनं माव्याचा वास आला. मामा त्या वासाकडं बघत राहिले. थांबायचा हुकूम द्यायचं राहूनच गेलं. रिक्रुट ते, हुकूम नाही म्हणजे थांबायचं नाही. पोरं चालत चालत कंपाउंडच्या भिंतीपर्यंत गेली आणि भिंतीला नाक लावून जागच्या जागी पाय आपटत उभी राहिली. पाजी लांबून ओरडले, "ओए, दीवार तोड़ेंगे क्या?" मामा ही गोष्ट सांगताना स्वतःच सगळ्यात जास्त हसायचे. नंतर पुष्कळ महिन्यांनी, लंगरात, म्हणजे जवानांच्या जेवणघरात, जेवताना पाजींनी मामांच्या ताटातली रोटी न विचारता उचलली, अर्धी मोडली आणि खाल्ली. मामांनी त्याच संध्याकाळी मामीला फोन केला. "सुमे, त्यानं माझ्या ताटातलं खाल्लं." मामीला आधी कळेचना की एवढं काय झालं.

माव्याशी खरी गाठ पडली ती त्याआधी, सोडल्यानंतरच्या पहिल्याच सुट्टीत, घरी. आबामामा हे मामांचे चुलतभाऊ, वयानं थोरले. दोघांत बांधावरून भांडण आणि बरीच वर्षं बोलणं बंद. आमच्याकडं भांडण मिटवायची एक पद्धत आहे. एक जण मावा चोळतो आणि दुसऱ्यापुढं तळहात धरतो. त्यानं चिमूट उचलली की मिटलं. नाही उचलली तर पुढच्या पिढीपर्यंत चालू. त्या दिवशी आबामामा आपणहून ओट्यावर आले, बसले, मावा चोळला आणि हात पुढं केला.

"घे, बाळू."

मामी ज्वारी पाखडत होती, तिचं सूप थांबलं. मी दारातच उभी होते. मामा बराच वेळ त्या तळहाताकडं बघत होते. मग त्यांनी चिमूट उचलली. मामीनं खाली मान घातली.

"घेतला," मामा म्हणाले. "आता बांधाचं मिटलं का?"

"मिटलं."

"मग आता ऐक, आबा. ह्यो मी खायचा न्हाई."

आबामामांचा चेहरा उतरला. "मंजी घ्यायचा आन टाकायचा? लई मोठा साहेब झाला का रं?"

"टाकत न्हाई. मुठीत हाय. तू दिलेला हाय, टाकीन कसा? पर तोंडात जागा न्हाई, हे बघ." आणि मामांनी आ करून दाखवलं. दोन बोटं घालून दाखवली, तिसरं जात नाही तेही दाखवलं.

आबामामा वाकून बघत म्हणाले, "ह्यात काय हाय? माजं बी तसंच हाय की."

"घाल बरं बोटं."

आबामामांनी घातली. दुसरं बोट अर्ध्यावर अडलं. ते हसले. "शेतकऱ्याची बोटं हायती, जाड असणारच."

"भाकरी दुधात खातोस का?"

"तुला कोण म्हनलं?"

"तिखट लागतं तोंडाला?"

"त्या मिरच्याच वंगाळ येत्यात आता," आबामामा म्हणाले. "औषधं मारून मारून."

मामी इतकी वर्षं दिरासमोर बोलली नव्हती. तिनं सूप बाजूला ठेवलं. "भावजी, हे बी आसंच म्हनायचे."

मग मामांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "उद्या नगरला जायचं. मी येतो संगं." मुठीतला मावा त्यांनी आबांना घरी सोडायला जाता जाता बांधावर उकरून पुरला, दोघांच्या रानांच्या बरोबर मध्ये. नगरच्या दवाखान्यात आबामामांच्या गालात आतून एक पांढरा चट्टा सापडला. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात. तेवढाच भाग कापून काढला. गाल जरा ओढल्यासारखा दिसतो, पण आबामामा अजून दोन एकर कांदा स्वतः लावतात आणि आमच्या वस्तीत सगळ्यात जास्त बोलतात. "आ करा" तेव्हापासून सुरू झालं.

मामांचा व्यायाम मी जवळून बघितला. लाकडाच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि अंगवळणी पडलं की आणखी एक काडी सरकवायची. मी कॉलेजला जायला लागले तेव्हा गेटसमोरच्या कुल्फीवाल्याकडून कोऱ्या काड्या आणून द्यायचे. मामा रविवारी ओट्यावर तोंडात काड्या धरून बसायचे आणि मी शेजारी पुस्तक घेऊन. त्यांना बोलता येत नसे, त्यामुळं माझा अभ्यास चांगला व्हायचा. मी बी.कॉम. झाले. आमच्या दोन्ही घरांत मिळून पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे सांगायला मला बिलकुल संकोच वाटत नाही. निकालाच्या दिवशी मामांनी पेढे वाटले आणि प्रत्येकाला कारण सांगितलं, "पोरगी पास झाली आन माझी एक काडी वाढली. दोन्हीचे मिळून खा."

तिसरं बोट पुरतं कधीच गेलं नाही. दुसऱ्या पेरापर्यंत जातं. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, मामांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण मैदान सुटलं नाही. कॅटेगरी टिकली, प्रमोशनच्या परीक्षेत हुकूम द्यायची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेनं पुढच्यांकडं बघितलं नाही. मामा नायब सुभेदार होऊन निवृत्त झाले.

दोन वर्षांपूर्वी ते घरी आले, तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे फाट्यापासून वस्तीपर्यंत उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. गुलाल होता, मोठमोठ्यानं गाणी होती. शेवटचा दिवस नगरच्या ट्रेनिंग सेंटरात कसा गेला हे मामा कुणाला सांगत नव्हते. सकाळी मैदानावर स्क्वॉड नव्या उस्तादाच्या ताब्यात दिला तेव्हापासून ते गप्प होते. हार घालून घेत होते, हसत होते, पण गप्प. घरापुढं जीप थांबली तसे आबामामा ओरडले, "ते गाणं बंद करा रं. बाळू, एक हुकूम होऊ दे तुजा."

गाणं बंद झालं. मामांनी डोक्यावरची टोपी नीट केली. छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडेल तेवढं उघडून "सावधान" म्हणाले.

फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात ऐकू गेलं म्हणतात. नाचणारी पोरं जागच्या जागी ताठ झाली. आबामामांचे पाय आपोआप जुळले. माझा नवरा गुलालानं माखलेला होता, तोही हात मांड्यांना लावून उभा राहिला. मामा जीपवरून सगळ्यांकडं एकेक करून बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

दारात मामी ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आलं ऐकू. आता उतरा खाली, निरांजन इझायला लागलंय."