पोटदुखीची नोंद

हेमराज डॉक्टरांकडे प्रमाणपत्रांची एक फुगलेली फाइल आहे. डॉक्टरकीची नोंदणी टिकवायला परिषदांचे गुण लागतात, म्हणून ते ठाण्याला परिषदेला जातात, सही करतात, जेवतात आणि खोडाळ्यापलीकडच्या आमच्या दवाखान्यात परत येतात. मी इथली नर्स, कविता. मला त्या फाइलचा रागच येतो. तिथलं शिकवणं चांगलंच असेल, पण आमचे पेशंट तिथल्या पडद्यावर कधी दिसत नाहीत.

गेल्या महिन्यात सकाळीच देवजी आपल्या दहा वर्षांच्या चैतीला खांद्यावर घेऊन आला. पोटात दुखतंय, दोन उलट्या झाल्या. बाहेर ही रांग! डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, पित्ताचं इंजेक्शन लिहिलं, मी दिलं. झालो आम्ही मोकळे.

सफाईचं काम करणारी रुपी फरशी पुसत होती. ती चैतीकडे बघतच राहिली.

"डाक्तर, पोरीच्या पापण्या पडतात. भुईवर निजली व्हती का, इचारा."

निजली होती. मण्यार हा साप रात्री भुईवर झोपलेल्याला चावतो, खूण दिसत नाही, दुखतं ते पोट आणि मग पापण्या मिटायला लागतात. हे आम्ही दोघांनी पुस्तकात वाचलेलं, आणि विचारलं रुपीनं. सापाची लस सुरू केली तोवर चैतीचा श्वास उथळ झाला. श्वास द्यायच्या पिशवीचा मास्क तोंडावर नीट बसेना. डॉक्टर ओरडले,

"कविता, हनुवटी वर धर!"

मी धरली. छाती हलली. नाशिकपर्यंत अॅम्ब्युलन्समध्ये आम्ही आळीपाळीनं पिशवी दाबत गेलो. पोरगी हातची गेली असं वाटून मी दोनदा रडले.

चैती वाचली. बरी होऊन बापाबरोबर दाखवायला आली, त्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना बसवलं. रुपीला खुर्ची दिली आणि काय बघायचं ते आम्हाला शिकवायला सांगितलं. मग देवजीला म्हणाले, "चूक माझी. मी आधी पित्तच समजलो."

देवजीनं चैतीला जवळ ओढलं.

"डाक्तर, गेल्या पावसात माझा पोरगा लाडक्या पोटदुखीनंच गेला. हितंच आणला व्हता. तुमी गोळ्या दिल्या."

डॉक्टर उठले. कपाटातून गेल्या वर्षीच्या नोंदवह्या काढून पोटदुखीच्या नावांवर पेन्सिलनं खुणा करत गेले. पावसाळ्यातली चौदा नावं निघाली. आता एकेका घरी जाऊन माणूस आहे की गेला ते विचारायचं आहे. उद्या पहिलं घर. मला फार भीती वाटते.