परातीतले पाय

सुमनमावशी गेली हे कळलं तेव्हा मी भोरच्या एसटी स्टँडवर तिच्या गावाच्या, हिर्डोशीच्याच गाडीची वाट पाहत उभी होते. फोनवर तिचे दीर, अण्णा, म्हणाले, "वय झालं व्हतं. सुटली बिचारी." महिना उलटला, पण ते 'सुटली' अजून माझ्या कानात सलतंय. सुटली कसली...

मावशीची साखर जुनी. तिने पायाच्या नसा खाल्ल्या होत्या. तळव्यांची अशी आग व्हायची की ती दारात पितळी परातीत गार पाणी घेऊन, पाय बुडवून बसायची. भाताची लावणी सुटली, झोपही गेली. मी तिला पुण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासण्या पाहून त्यांनी ड्युलोक्सेटिन लिहून दिलं. "ही गोळी नैराश्यावर देतात, तशीच नसांच्या दुखण्यावरही देतात. सुरुवातीला मळमळेल. उठताना सावकाश उठा. दुसरं औषध मला विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि एकदम बंद तर मुळीच करू नका, चक्कर येईल. थांबवायची झाली तर मी हळूहळू कमी करीन." सुरुवात मळमळीत गेली, पण महिन्याभरात आग निम्म्यावर आली. परात पुन्हा पिठाला लागली. "अगं, रातभर झोपले म्या!" फोनवर मावशी लहान पोरीसारखी हसत होती.

मग तिच्या नातीला बघायला किकवीचे पाहुणे यायचं ठरलं. अण्णांनी गोळीचं नाव मोबाईलवर शोधलं आणि 'नैराश्य' एवढंच वाचलं. "पाव्हण्यांनी बघितलं तर म्हनतील, घरात येड हाय. सोयरीक मोडंल." मावशी म्हणाली, "भावजी, पायाची हाय वो ती." ऐकतो कोण? सगळी पाकिटं चुलीत गेली.

तिला गरगरायला लागलं, डोक्यात झटके बसू लागले, उगाच रडू यायचं. गोळी एकाएकी तोडल्याची ही लक्षणं, पण घर म्हणालं, "बघा, येडच व्हतं!" म्हणजे आग लावणारेही हेच आणि बोंब मारणारेही हेच. पाहुण्यांना पाणी आणायला म्हणून मावशी उठली आणि गरगरून ओट्यावरून खाली पडली. खुबा मोडला. मला कळलं ते त्यानंतर. तिने अंथरूण धरलं, छातीत कफ भरला... सोयरीक मात्र जुळली.

दहाव्याच्या पंगतीत अण्णांनी खिशातून बीपीची गोळी काढली, चारचौघांत, ऐटीत. किकवीच्या व्याह्यांनी स्वतः तांब्या पुढे केला. माझा तोल गेला. "अण्णा, ही चुलीत टाकू का?"

"काय बोलतीस पोरी! औषध हाय ते."

"तिचंही औषधच होतं."

अण्णांनी गोळी गिळली.

निघताना नातीने ती परात माझ्या हातात दिली. "आत्या, तुमी न्या. हितं बाईमानसाचं दुखनं कुनाला खरं वाटत न्हाई." आता भोरला मी तिच्यातच पीठ मळते. मळताना अण्णांना मनातल्या मनात शिव्या घालते. पीठ चांगलं मळलं जातं.