दांडीवरचं वजन

गेल्या उन्हाळ्यात माझी बायको पंधरा दिवस एसटीने फिरत होती आणि मी त्याच रस्त्याने, त्याच गावांना, रिकामी सीट शेजारी घेऊन पिकअप चालवत होतो. आमच्या कोल्हारमध्ये ही गोष्ट अजून हसून सांगतात. दोघांचं भांडण झालं असणार, असं लोकांना वाटतं. भांडण नव्हतं. तिने मला एक प्रश्न विचारला होता आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं.

नागापूरच्या एमआयडीसीत मी सत्तावीस वर्षं फिटर होतो. नोकरी सुटल्यावर आम्ही दोघांनी रस्त्याकडेला रसवंती टाकली. पुढे जत्रांना जायचं ठरलं, तेव्हा उसाचा चरक, त्याचं इंजिन आणि बर्फाची पेटी असं सगळं दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवून घेतलं. ट्रॉली पिकअपच्या हुकाला आणि उसाच्या मोळ्या, खुर्च्या, मांडव पिकअपच्या हौद्यात. डिझाइन माझं. गिऱ्हाईक मागच्या बाजूला उभं राहणार म्हणून चरक मी ट्रॉलीच्या पार शेवटाला बसवायला लावला. वेल्डरने विचारलं होतं, "मामा, मधी घेऊ का?" मी म्हणालो, "मी फिटर आहे."

पहिल्याच फेरीला राहुरीच्या अलीकडे, सरळसोट रस्त्यावर, ट्रॉली मागे डावी-उजवी झुलायला लागली. मी ब्रेक मारला तशी जास्तच झुलली. पिकअपचा मागचा भाग तिच्यासोबत ओढला जात होता आणि समोरून ट्रक येत होता. कशीबशी मी गाडी कडेला घेतली. बायको खाली उतरली आणि बाभळीखाली दगडावर जाऊन बसली.

"हे का झालं?" तिने विचारलं.

"रस्ता खराब आहे."

"रस्ता चांगला हाय."

"मग वारा असेल."

"झाडाचं पान हालत न्हाई. नाचता येईना अंगण वाकडं. तुमी मला कारन सांगा. कारन कळलं की मी बसते. तवर एसटी हाय."

आणि तिने खरोखरच हात करून एसटी थांबवली.

त्या दिवसापासून मी कारण शोधत होतो. चहाच्या टपरीवर चौघांना गाडी दाखवली. आमच्याकडे माल जास्त झाला का हे बघायची एकच रीत आहे. गाडीच्या मागे जायचं, कमरेत वाकायचं आणि मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बघायचे. पाटे वाकून सपाट झाले तर माल जास्त, कमानीसारखे राहिले तर अजून टाका. चौघेही वाकले आणि चौघेही म्हणाले, "पाटं वर हायेत की. गाडीला काय लोडच न्हाई." मलाही ते पटलं. ट्रॉलीचं वजन ट्रॉलीच्या चाकांवर, पिकअपचं पिकअपवर. पिकअपने फक्त ओढायचं. मग हलायचं कारण काय?

कुणीतरी सांगितलं, पाटे वाढव. मी दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला आणि मोठ्या रुबाबात घरी येऊन सांगितलं.

"पाटे कमी पडले म्हणून हालली का गाडी?" तिने विचारलं.

"तसं नाही."

"मग वाढवले कशाला?"

मला राग आला. राग आला कारण तिचं बरोबर होतं. फिटरला बायकोने असं धरावं याच्यासारखा अपमान नाही. पुढच्या जत्रेला मी हट्टाने माल हलवला. इंजिन सोडवून ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला, हुकात अडकणाऱ्या दांडीच्या पार जवळ बसवलं, त्याला लागून पाण्याचा भरलेला ड्रम आणि वर उसाच्या चार मोळ्या. झुलणं थांबलं. पण आता स्टेअरिंग हातात हलकं लागायला लागलं. वळणावर मी चाक फिरवलं तरी गाडी जरा उशिरा ऐकायची. मागे वजन ठेवलं तर शेपूट हलतं, पुढे ठेवलं तर गाडी नाक वर करते. नाकापेक्षा मोती जड झाला होता आणि काय कमी करावं, नाक की मोती, तेच मला कळेना.

ती एसटीने उशिरा पोहोचली, तोवर गिऱ्हाईक ताटकळलेलं होतं. संध्याकाळी ती चरकाचे रूळ धूत होती आणि मी शेवटी शरण गेलो. आधी काय होत होतं आणि आता काय होतंय, सगळं सांगितलं. ती हसायला लागली.

"अवो, आधी गाडी उलाळ झालती. आता मानेवर आलीया."

तिचं माहेर पाथर्डीकडचं. आई-बाप दरसाल बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जायचे आणि दहाव्या वर्षापासून तीही गाडीत मोळ्या रचायची. ती सांगत होती आणि मी ऐकत होतो. मागे जास्त रचलं की जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं, ती गाडी उलाळ. पुढे जास्त रचलं की बैलाची मान खाली जाते. "मानेवर थोडं वजान पायजे. लई बी नको आन न्हाईच असं बी नको."

"आणि मानेवरचं वजन कुणाचं?"

"बैलाचं. अजून कुनाचं?"

म्हणजे हुकावर दांडी जितकी दाबते तितका माल पिकअपनेच उचललेला असतो! मी तो कधी धरलाच नव्हता. आरसी बुकात लिहिलेली वजनाची मर्यादा बघून हौदा काठोकाठ भरायचा आणि वर हुकावर आणखी ओझं टाकायचं, असं चाललं होतं. आणि वाढवलेल्या पाट्यांनी गाडी काही जास्त उचलत नव्हती, माल जास्त झाला तरी फक्त बसलेली दिसत नव्हती. सत्तावीस वर्षं यंत्रांत घालवून मी असा गोंधळलो याची मला लाज वाटली.

मी चरकाचं वेल्डिंग कापून तो इंजिनासकट चाकांच्या जरासा पुढे घेतला, वाढवलेले पाटे काढले आणि ड्रम रिकामा न्यायचं ठरवलं. मिरजगावच्या जत्रेला निघताना गावाबाहेरच्या वजनकाट्यावर गाडी घातली. ट्रॉली हुकाला लावलेलीच, पण तिची चाकं काट्याच्या बाहेर, म्हणजे दांडीचा भार पिकअपसोबत मोजला जाईल. काटेवाल्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. बायको तिथवर चालत आली होती आणि खिडकीपाशी उभी होती. आकडा आला. आरसीवरच्या आकड्यापेक्षा तीस किलो कमी. मी पावती नाचवत खाली उतरलो.

तिने ती नीट वाचली. "ह्यात मी हाय का?"

"तू कशी असशील? तू इथे उभी आहेस."

"मग मिरजगावला मी कुटं बसनार हाय?"

मी खिशातली यादी काढली. मोळ्या, खुर्च्या, मांडव, ड्रम, स्टेपनी, अगदी जॅकसुद्धा लिहिला होता. काटा करताना मी स्वतः स्टेअरिंगवर बसलेला, म्हणून मी आपोआप मोजला गेलो होतो. दिवसभर चरकात ऊस सारणारी बाई मात्र यादीत कुठेच नव्हती. मला फार वाईट वाटलं आणि मी ते तिला तिथल्या तिथे सांगितलं.

ती आत बसली. पुन्हा काटा केला. पंचवीस किलो जास्त.

ती लगेच दाराच्या कडीला हात घालून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मी येते एसटीनं." रागाने नाही. काही मावेनासं झालं की आपणच उतरायचं, ही तिची जुनी सवय होती.

"बस," मी म्हणालो.

मी हौद्यातून माझी लोखंडी आरामखुर्ची उतरवली. जत्रेत गल्ल्यावर ऐटीत बसता यावं म्हणून मी ती दरवेळी न्यायचो. तिच्या जोडीला उसाच्या दोन मोळ्या काढल्या आणि सगळं काटेवाल्याच्या हवाली केलं. तिसऱ्यांदा काटा केला, तेव्हा आकडा आत आला.

पावती तिनेच घेतली. काटेवाल्याकडून पेन मागून घेतला, पावती मांडीवर ठेवली आणि आकड्याखाली सावकाश अक्षरात लिहिलं, "दोन मानसं धरून."